दर आठवं घर

बेल वाजवली, दार उघडलं आणि त्याच्या तोंडावर वारा आला. झालं ते एवढंच. हातात ताईनं शिवलेले दोन पडदे होते, घडी मोडू नये म्हणून तळहातांवर आडवे धरलेले, आणि 'टोकाच्या घरातल्या बाईंना तेवढे देऊन ये, माझे पाय आज साथ देत नाहीत' हा ताईचा निरोप जिभेवर तयार होता. पण वारा आला आणि तो बोलायचंच विसरला. कारण पाचच मिनिटांपूर्वी, याच मजल्यावर, याच छपराखाली तो ताईच्या खोलीत बसला होता आणि तिथं वारा नावाची चीज नव्हती. तिथं खिडकीवर ओली चादर टांगलेली होती, आणि चादरीमागून फरशीच्या कारखान्यातल्या करवतीचा आवाज दाढेत शिरत होता. "या ना आत, तुम्ही ताईंचे भाऊ ना? कचेरीतले?" बाई म्हणाल्या. तो आत गेला. खिडकी सताड उघडी. कुंडीतल्या झाडाची पानं तेल लावून पुसल्यासारखी हिरवी. काही सवयी माणसाच्या हाडात जातात; त्यानं खिडकीच्या कट्ट्यावरून बोट फिरवलं आणि बोट डोळ्यांसमोर धरलं. स्वच्छ. बाई हसल्या. "धूळ शोधताय होय? इकडे नसते हो, ती सगळी पलीकडच्या बाजूला. तुमच्या कचेरीतली ती मुलगी आली होती ना मागच्या महिन्यात, तिला सांगितलं आम्ही, आम्हाला कारखान्याचा काही त्रास नाही. उगाच खोटं कशाला बोलायचं?" "बरोबर आहे," तो म्हणाला. बाई खोटं बोलत नव्हत्या, हेच तर वाईट होतं. खोटं बोलणारा माणूस पकडता येतो. त्यानं पडदे दिले, पाणी नको म्हणाला, बाहेर आला. दार बंद झालं आणि दारावरचा पितळी आकडा त्याच्या नाकासमोर आला. एकशे अठ्ठावीस.

एकशे अठ्ठावीसला आठानं भाग जातो. हे त्याला कुणी विचारलं नव्हतं, पण त्याचं डोकं असं होतं की आकडा दिसला की त्याला कशानं भाग जातो हे आधी कळायचं आणि तो कशाचा आकडा आहे ते मागाहून. तो जिना चढला. वरच्या मजल्यावर टोकाला, याच दाराच्या डोक्यावर, एकशे छत्तीस. त्याच्यावर एकशे चव्वेचाळीस. गुडघा कुरकुरत होता, जिन्यावर कुणीतरी सायकल आडवी लावून ठेवली होती, तिच्या पेडलनं पोटरीला ओरखडा काढला, तरी तो चढत राहिला. एकशे बावन्न, एकशे साठ, एकशे अडुसष्ट. प्रत्येक दार मजल्याच्या त्याच टोकाला, प्रत्येक दाराखाली तीच गार फट, तोच वारा. शेवटच्या मजल्यावर तो कठड्याला धरून उभा राहिला आणि धापा टाकत स्वतःशीच म्हणाला, "अरे गाढवा." मजल्यावर घरं आठ. तीन इमारती, सात-सात मजले, एकापुढे एक आकडे लावत गेलेली एकशे अडुसष्ट घरं. आणि त्यानं निवडलं होतं दर आठवं घर.

कचेरीत त्याला 'तराजू' म्हणत. तोंडावर नव्हे, पण इतकं मोठ्यानं की त्याला ऐकू यावं. एकतीस वर्षं तो पाहण्यांचे नमुने काढत आला होता; गावातल्या सगळ्यांना विचारता येत नाही म्हणून थोड्यांना विचारायचं, आणि ते थोडे असे निवडायचे की त्यांत सगळ्यांचं तोंड दिसावं. भाताची परीक्षा शितावरून, पण शीत कुठलं घेता त्यावर सगळं. वरवरचं घेतलं तर भात फडफडीत, तळाचं घेतलं तर करपलेला. नव्यानं येणाऱ्या प्रत्येक पोराला-पोरीला तो हेच सांगायचा: बाबांनो, तुम्ही निवडू नका. ओळखीचं दार, हसरा माणूस, कुत्रा नसलेलं घर, तळमजला, हे सगळे मोह आहेत. निवडणाऱ्याचा हात म्हणजे पाप. नियमाला निवडू द्या. आणि नियम साधा होता. घरांची यादी करायची, किती घरांना विचारायचं ते ठरवायचं, त्यावरून अंतर काढायचं, पहिला आकडा चिठ्ठीनं, आणि मग तेवढं अंतर सोडत सोडत जायचं. एकशे अडुसष्टमधली एकवीस, म्हणजे दर आठवं. पहिली चिठ्ठी त्यानं स्वतः काढली होती, तिच्यात आठ निघाला होता. प्रश्न एकच होता: फरशीच्या कारखान्याला दुसरी पाळी सुरू करायची परवानगी हवी आहे, तर आसपासच्या रहिवाशांना त्रास होतो का. एकविसांपैकी वीस म्हणाले, नाही. अहवालाच्या तळाशी एक छापील ओळ असते, 'नमुना निवडताना कोणताही पक्षपात झालेला नाही', आणि तिच्याखाली सही. त्यानं ती गेल्या आठवड्यात केली होती, निळ्या शाईनं, नेहमीसारखी शेपूट ओढून. कागद साहेबांच्या टेबलावर होता आणि सोमवारी सकाळी समितीकडे जायचा होता.

आणि त्याला कुणी सांगितलं नव्हतं असंही नाही. हेच आता जिन्यावरून उतरताना प्रत्येक पायरीवर टोचत होतं. भिंगरी म्हणून एक पाहणी करणारी मुलगी होती, दारोदार फिरून फिरून हे नाव तिला पडलं होतं, तिनं पहिल्या सात फॉर्मनंतर त्याच्या टेबलाशी येऊन म्हटलं होतं, "सर, ही सगळी घरं टोकाचीच येतायत. दार उघडलं की सगळीकडे एकच वारा येतो. मधलं एखादं घेऊ का?" त्यानं चष्मा काढून पुसला होता. चष्मा पुसला की कचेरीला कळायचं, आता प्रवचन. "आपण वारा मोजतो का?" त्यानं विचारलं होतं. "नाही, सर." "आज तू मधलं घेशील, कारण तुला वाटतंय. उद्या दुसरा कोपऱ्यावरचं घेईल, कारण त्याला वाटतंय. मग पाहणी कशाला हवी? घरी बसूनच आकडे टाकू की. कुठलं घर घ्यायचं हे ज्याच्या मनात आलं, त्याचा नमुना नासला." आजूबाजूची माणसं माना खाली घालून हसत होती. मुलगी लाल झाली आणि चौदा घरं नियमानं करून आली. किती सुंदर बोललो होतो आपण. त्याला स्वतःचीच चीड आली, ती अशी की कुठं ठेवावी कळेना. जिन्यावरच्या सायकलीला त्यानं लाथ मारली, सायकल हलली नाही, अंगठा मात्र झणझणला.

ताईच्या खोलीत तो परत आला तेव्हा ती मशीनवर बसली होती. दिवा लावून. दुपारी अडीच वाजता. तिचं शिवणाचं मशीन खिडकीशी होतं, कारण सुईत दोरा ओवायला तिला आकाशाचा उजेड लागायचा. पण खिडकीवर आता ओली चादर, म्हणून डोक्यावर दिवा, म्हणून डोळ्यांना पाणी. "दिलेस पडदे? काय म्हणाल्या?" "छान झाले म्हणाल्या." "पांढरेच होते म्हणून घेतले. काळं कापड मी आता शिवायला घेत नाही. संध्याकाळपर्यंत त्याच्यावर पीठ चाळल्यासारखं होतं. गिऱ्हाइकाला वाटतं, बाई कणीक मळता मळता शिवते." आणि ती हसली, आणि हसण्याच्या टोकाला खोकला आला. खोकला आला की ती मशीनचं चाक हातानं धरून ठेवायची, कापड सरकू नये म्हणून. तो बघत राहिला. इतक्या महिन्यांत तो दर गुरुवारी येत होता, औषध देत होता, चादर भिजवून पुन्हा टांगत होता, आणि कचेरीत जाऊन याच कारखान्याच्या कागदावर सही करत होता. दोन्ही हात त्याचेच. एकदा ताई म्हणाली होती, "तुमची पाहणी झाली म्हणे. आमच्याकडे कुणी आलंच नाही." त्यावर तो म्हणाला होता, "तुझं घर नमुन्यात आलं नाही, ताई. योग असतो." योग! एकशे तेवीस नंबरचं घर, मजल्यावरचं तिसरं, कारखान्याच्या नाकासमोरचं. चिठ्ठीत आठाऐवजी तीन आला असता, तर एकवीसच्या एकवीस दारांमागे ओल्या चादरी निघाल्या असत्या, आणि अहवालात आलं असतं, सगळा गाव खोकतोय. तेही खोटंच. त्यानं गावाला काही विचारलंच नव्हतं. घर बांधणाऱ्यानं खिडक्या कुठल्या बाजूला ठेवल्या एवढंच विचारलं होतं. "काय रे, तोंड का असं? त्या बाईंनी चहा नाही विचारला?" ताई म्हणाली. "ताई, चूक झालीय माझी." "मग सुधार. चहा टाकू?" सत्तावन्न वर्षांचा माणूस, कचेरीत ज्याच्या चष्म्याला माणसं घाबरतात, ती त्याला अजून 'छोट्या' म्हणते आणि चूक म्हटलं की चहा टाकते.

चहा पिताना त्याला तो डबा आठवला. आठवला म्हणणं बरोबर नाही. तो डबा कधी गेलाच नव्हता, फक्त एखाद्या दिवशी त्याचं झाकण वाजायचं. पत्र्याचा, बिस्किटांचा, झाकणावर घोडा. तो अकरा वर्षांचा, ताई तेरा. त्यांच्या वस्तीत सातवीपुढे शाळा नव्हती. शहरात मामाचं घर होतं, पण मामाच्या घरात एकाच पोराची सोय होती, एक खाट, एक कोपरा. शेजारीपाजारी म्हणाले, मुलाला पाठवा, विचार कसला करताय. बाबा म्हणाले, माझ्या घरात मुलगा-मुलगी असा भेद नाही, चिठ्ठ्या टाकू. तो दोन वर्षं थांबला तरी चाललं असतं, पण मामीनं सांगितलं होतं, जे येईल ते आत्ताच आणि तेच शेवटपर्यंत. "छोट्याचं अक्षर चांगलं आहे, तो लिहील चिठ्ठ्या," बाबा म्हणाले. आणि त्यानं लिहिल्या. ताईचं नाव वहीच्या पानावर. स्वतःचं नाव वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या, जाड, खाकी कागदावर. दोन्हींच्या सारख्या चार घड्या. कुणालाही दिसलं नसतं. बोटांना कळलं असतं. त्याचा हिशेब असा की धाकटा म्हणून चिठ्ठी आपल्याला काढायला लावतील. पण बाबांनी डबा हलवला आणि म्हणाले, "मोठीनं काढायची. डोळे मीट." ताईनं हात घातला. डब्यात हात बराच वेळ होता, की त्यालाच तसं वाटलं? मग तिनं चिठ्ठी काढली, बाबांनी उघडली, आणि त्याचं नाव वाचलं.

आता गंमत अशी की त्या दिवशी चोरी झाली की नाही, हे त्याला कधीच कळलं नाही. चिठ्ठी जाड होती म्हणून निघाली, की निघायचीच होती आणि जाडीशी तिचा काही संबंध नव्हता? दोनच चिठ्ठ्या. कुठलीही निघण्याची शक्यता निम्मी. एकदाच झालेल्या गोष्टीवरून काहीही सिद्ध होत नाही, हे त्यानं पुढं शिकून घेतलं, इतरांना शिकवलं, त्यावर पगार घेतला. पण मामाच्या घरी खाटेवर पडून तो मनातल्या मनात तो डबा पुन्हा पुन्हा हलवायचा. शंभर वेळा हलवला असता तर कळलं असतं. ताई सातवीनंतर मावशीकडे शिवण शिकली. तिनं कधी काही म्हटलं नाही, सुट्टीत तो घरी आला की त्याची पुस्तकं हातात घ्यायची, चित्रं बघायची आणि म्हणायची, "वा, काय कागद आहे." काय कागद आहे! या तीन शब्दांनी त्याची किती वर्षांची झोप खाल्ली होती. म्हणून तो तराजू झाला होता. लोकांना वाटायचं, माणूस स्वभावानंच काटेकोर आहे. चोराच्या घरचं कुलूप नेहमी मोठं असतं.

शुक्रवारी तो साहेबांसमोर उभा राहिला. साहेब माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त कागद टेबलावरून पुढं सरकलेला आवडायचा. "दर आठवं घर घ्यायचं ठरलं होतं?" "हो, साहेब." "घेतलं?" "घेतलं." "मध्ये कुणी हातचलाखी केली?" "नाही." "मग पक्षपात कुठं आला हो यात? नियम पाळला, सही केली, विषय संपला." "साहेब, मजल्यावर घरंच आठ आहेत. आपण एकवीस घरांना विचारलेलं नाही, एकाच घराला एकवीस वेळा विचारलंय." साहेबांना हे वाक्य आवडलं असावं, कारण त्यांनी ते पुटपुटून पाहिलं. मग म्हणाले, "नऊ घरं बांधायची होती त्यांनी मजल्यावर. आता त्याला मी काय करू?" आणि स्वतःच्याच विनोदावर हसले. तो हसला नाही. त्याच्या कानशिलात करवत चालू होती. "मला परत नमुना काढू द्या. एकवीसच घरं." "सोमवारी सकाळी कागद जायचाय." "रविवारी करतो." साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. "एक विचारू? राग मानू नका. तुमची बहीण राहते ना तिथं?" "राहते." "कारखान्याच्या बाजूला?" "हो." "तिला त्रास होतो?" "होतो." साहेब खुर्चीत मागं रेलले, आणि फार मायेनं, फार समजुतीनं म्हणाले, "मग बघा. आता पक्षपात कुणाचा म्हणतील लोक?"

बाहेर येऊन तो व्हरांड्यात नळाशी उभा राहिला आणि तोंडावर पाणी मारत राहिला. बोचणारी गोष्ट अशी की साहेबांचं चुकलं नव्हतं. ताई एकशे तेवीसमध्ये राहत नसती, तर तो पडदे घेऊन टोकाला गेला असता का? दारावरचा आकडा त्याला दिसला असता का? गेली एकतीस वर्षं अशी किती आठवी घरं, किती तिसरी घरं सहीखालून निघून गेली असतील, जिथं त्याची कुणी बहीण राहत नव्हती? डोळे उघडले ते मायेनं, आणि मायेनं उघडलेल्या डोळ्यांची साक्ष धरत नाहीत. जेव्हा तो आंधळा होता तेव्हा त्याचा शब्द प्रमाण होता. आता दिसायला लागलं, तर म्हणतात, तुम्ही बाजूला व्हा. भिंगरी फायली घेऊन जाता जाता थांबली. "सर, बरं नाही का?" त्यानं सांगितलं. सगळं नाही, आठ घरांचं सांगितलं. 'मी म्हटलं होतं ना' असं ती म्हणेल म्हणून त्यानं खांदे आवळून धरले होते. तिनं फायली एका हातातून दुसऱ्या हातात घेतल्या. "म्हणजे पुन्हा एकवीस घरं? रविवारी? सर, माझ्या चपलेचा अंगठा तिथंच तुटला होता." "दारं तूच वाजवायचीस. मी यायचं नाही. माझी बहीण तिथं राहते." "चहा?" "मिळेल." "बहिणीकडचा की टपरीवरचा?" "बहिणीकडचा." "मग येते," ती म्हणाली. वळून पुन्हा म्हणाली, "वारा मोजायचा का या वेळी?" आणि तो उत्तर देण्याआधीच निघून गेली. एवढी उधारी तिची होतीच त्याच्याकडे.

रविवारी सकाळी तो कागद, कात्री घेऊन ताईकडे बसला. यादीनं नाही, अंतरानं नाही, चिठ्ठ्यांनी. एकशे अडुसष्ट चिठ्ठ्या एका पातेल्यात. "सगळ्यांनाच विचार ना मग," ताई म्हणाली, "एवढ्या चिठ्ठ्या कापतोयस त्यापेक्षा." "एका दिवसात होत नाही, ताई. म्हणून तर नमुना." "देवाला बरं जमतं. तो कुठं दर आठव्याला बघतो? सगळ्यांकडे बघतो, मुंगीकडेसुद्धा. त्याच्याकडे नमुना नाही." "त्याच्याकडे माणसं जास्त आहेत," तो करवादला. "माणसं नाही रे. वेळ जास्त आहे," ती म्हणाली आणि घड्या घालायला बसली. जुन्या फॉर्मांच्या कोऱ्या पाठी तो कापत होता, आकडे लिहीत होता. ती चार-चार घड्या घालून पातेल्यात टाकत होती. बाहेर करवत बंद होती, रविवार म्हणून. दुसरी पाळी आली की रविवार जाणार होता. एकशे एकेचाळीसपर्यंत आला आणि कागद संपले. "थांब," ताई उठली, आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेचं मागच्या महिन्याचं पान टर्रकन फाडून त्याच्यापुढं ठेवलं. "हे घे. मागून कोरं आहे." त्यानं ते कापलं. एकशे बेचाळीस लिहिलं, त्रेचाळीस लिहिलं, चव्वेचाळीस. डोक्यात साहेब, समिती, साडेअकराला येणारी भिंगरी. ताईनं एक चिठ्ठी हातात घेतली, घडी घातली, अंगठ्यानं दाबली, आणि घडी पुन्हा उघडली. मग तिनं खाली बघत, कापड मापावं तशी ती चिठ्ठी दोन बोटांत चोळत विचारलं, "छोट्या, कागद सगळे सारखेच आहेत ना रे?"

त्याच्या हातातली कात्री उघडीच राहिली. दिनदर्शिकेचा कागद गुळगुळीत होता, जाड होता. पातेल्यात हात घालणाऱ्या कुणाच्याही बोटांना तो आधी लागला असता. सत्तावन्न वर्षं, एकतीस वर्षं, सगळं मेलं जिथल्या तिथं, आणि हा माणूस पुन्हा जाड कागदावर आकडे लिहीत बसला होता. पण त्याचं लक्ष कागदाकडे नव्हतं. तो ताईच्या बोटांकडे बघत होता. कापड अंधारातसुद्धा ओळखणारी बोटं. सूत कुठलं, वीण कुठली, हात लावून सांगणारी. तेरा वर्षांची असतानाही ती तशीच होती, आईच्या लुगड्याचे तुकडे डोळे मिटून वेगळे काढायची आणि सगळे टाळ्या वाजवायचे. हे त्याला माहीत होतं. कायमच माहीत होतं. मग सेहेचाळीस वर्षांत ती बोटं आणि तो डबा एकमेकांशेजारी का ठेवले नाहीत आपण? "ताई," तो म्हणाला, आणि आवाज असा आला की त्यालाच तो अकरा वर्षांचा वाटला, "तो घोड्याचा डबा." "हं." "त्यातली चिठ्ठी." "जाड होती," ती म्हणाली. "पुठ्ठ्याची. वहीचा पुठ्ठा फाटलेला मी सकाळीच बघितला होता." "मग तू बाबांना…" "काय सांगू? हात घातला तर दोन्ही चिठ्ठ्या बोटांना लागल्या. एक पातळ, एक जाड. म्हटलं, एवढं हवंय याला, तर जाऊ दे. काढली जाड." आणि तिनं पातेलं पालथं केलं, सगळ्या चिठ्ठ्या फरशीवर ओतल्या, पांढऱ्या-पिवळ्या, आणि जाड तेवढ्या वेचायला लागली. तो बसून राहिला. सुटका वाटायला हवी होती, वाटला संताप. तिच्यावर, स्वतःवर, बाबांच्या त्या न्यायावर. सेहेचाळीस वर्षं तो विचारत राहिला, चोरी की योग, आणि उत्तर तिसरंच होतं, जे त्याच्या कुठल्याच फॉर्मवर छापलेलं नव्हतं. ज्या हाताच्या पापासाठी त्यानं आयुष्यभर स्वतःचे हात बांधून घेतले, तो हात त्याचा नव्हताच. "तुला शिकायचं नव्हतं?" त्यानं जवळजवळ ओरडूनच विचारलं. ताईला खोकला आला. या वेळी धरायला चाक नव्हतं, तिनं त्याचा गुडघा धरला. खोकला ओसरल्यावर म्हणाली, "होतं की. खूप होतं." मग म्हणाली, "ऊठ. खालच्या दुकानातून साधे कागद आण, सगळ्याच चिठ्ठ्या पुन्हा करू. ती पोरगी येईल."

भिंगरी आली, चहा प्याली, दोन कप. पातेलं त्यानं हलवलं आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. ताई मशीनवर जाऊन बसली, पाठ करून. "डोळे मिटू का?" भिंगरीनं विचारलं. "मीट," तो म्हणाला. एकेक आकडा ती मोठ्यानं वाचत गेली. एकोणीस. एकशे दोन. सत्तावन्न, "सर, तुमचं वय." पाच. एकशे चौदा. एकशे एकवीस, आणि ताईच्या मशीनचं चाक थांबलं. एकशे एकवीस म्हणजे दोन दारं अलीकडे. मग त्र्याण्णव. एकशे अडुसष्ट. आकडे पडत गेले आणि तो भिंतीवरच्या ओलीच्या डागाकडे बघत मोजत गेला, अठरा, एकोणीस, वीस. एकविसावी चिठ्ठी उघडली तेव्हा ती अठ्ठ्याऐंशी होती. "ताईंचं नाही आलं," भिंगरी हळूच म्हणाली. मग त्याहून हळू, "सर, एखादी बदलली तर… तुम्ही भिंतीकडे बघताय. मी काय, ताई काय, कुणाला सांगतोय." त्यानं मागं वळून बघितलं. ताई त्याच्याकडेच बघत होती, आणि तिच्या नजरेत प्रश्न नव्हता, विनंती तर नव्हतीच. ती वाट बघत होती, तो काय काढतो याची. "नाही," तो म्हणाला. घशात चुन्याची चव आली. "जा, दारं वाजव." भिंगरी गेली. जिन्यावर तिच्या चपलांचा आवाज ऐकू येईनासा झाल्यावर ताई म्हणाली, "म्हणजे माझा खोकला कुठंच लिहायचा नाही." "नाही, ताई." "बरं," ती म्हणाली आणि सुईत दोरा ओवायला लागली. दोरा तीनदा चुकला. त्यानं सुई हातातून घेतली आणि ओवून दिली.

सोमवारी सकाळी साहेबांनी नवा कागद वाचला, मग जुना, मग पुन्हा नवा. "एकवीसमधले अकरा? अहो, परवा एक होता." "परवा आपण टोकालाच उभे होतो, साहेब." "समिती विचारेल. बहीण राहते ना तिथं." "राहते. तिचं घर नमुन्यात आलेलं नाही. चिठ्ठ्या मी काढल्या नाहीत, दारं मी वाजवली नाहीत. पातेलं हवं तर दाखवतो." साहेबांनी बराच वेळ टोपणाशी चाळा केला. "असं करू," ते म्हणाले, "दोन्ही पाठवू. ठरवू दे त्यांना." त्यानं जुना अहवाल आपल्याकडे ओढला, तळाची छापील ओळ शोधली, तिच्याखालची निळी, शेपूटवाली सही शोधली आणि तिच्यावर एक आडवी रेघ मारली. रेघ सरळ आली नाही. "सहीशिवाय हा जात नाही," तो म्हणाला. "म्हणजे आता एकच उरला." साहेबांनी नवा कागद फायलीत घातला, आणि फाईल टेबलाच्या पुढच्या कडेला, जाणाऱ्या कागदांच्या गठ्ठ्यावर ठेवली. पुढं समिती काय करणार, देव जाणे. अकरा माणसं एकविसांत जास्त की कमी, हे मोजायचं यंत्र अजून निघालेलं नाही.

व्हरांड्यात आल्यावर रुमाल काढायला त्यानं खिशात हात घातला. रुमालाबरोबर एक घडी घातलेला कागद बोटांना लागला. काल निघताना पातेल्यात उरलेल्या चिठ्ठ्या कचऱ्यात टाकण्याआधी त्यानं तेवढी एक शोधून ठेवली होती. एकशे तेवीस. त्यानं ती उघडली नाही. खिशातच, दोन बोटांत धरून अंगठ्यानं चोळली, पुन्हा चोळली. पातळ होती, दुकानातल्या साध्या कागदाची, बाकीच्या एकशे सदुसष्टांसारखीच. हात लावून ओळखू येण्यासारखं तिच्यात काहीही नव्हतं.